फोटोतल्या माणसाचं हसू

सिरियल लिहिणाऱ्या माणसाला यमसुद्धा वचकून असावा. यमाला कुणाला न्यायचं तर आजारपण, अपघात, काहीतरी निमित्त शोधावं लागतं. सिरियलवाल्यांना तेही लागत नाही. भिंतीवर फोटो लावला, वर हार चढवला, खाली उदबत्ती खोचली, की झाला माणूस कैलासवासी. रसिका घाग हिने तर हे स्वतःच्या जन्मदात्या बापाच्या बाबतीत केलं, तेही चहा पिता पिता, मोबाइलवरून.

झालं होतं असं. रसिका डोंबिवलीला आईवडिलांजवळ राहते आणि रोजच्या एका सिरियलची पटकथा आणि संवाद लिहिते. शूटिंग घोडबंदर रोडवरच्या भाड्याच्या बंगल्यात चालतं. सिरियलच्या नायकाचे वडील गोष्ट सुरू व्हायच्या आधीच वारलेले, म्हणून दिवाणखान्यात त्यांचा फोटो हवा होता. ज्या नटाचा फोटो ठरला होता त्याच्या बायकोने ऐन वेळी खो घातला. माझ्या जित्याजागत्या नवऱ्याला हार घालू देणार नाही, असं तिने ठणकावून कळवलं. त्यावर सेटवर सगळे पोट धरून हसले. रसिकाही हसली. दिग्दर्शक संदेश तेवढा टेकीला आला होता, कारण पहिलाच शॉट त्या खोलीत होता आणि भिंत रिकामी. रसिकाने मोबाइल उघडला, कंपनीतल्या निरोपसमारंभाचा अप्पांचा फोटो सापडला, दिला पाठवून. दुपारपर्यंत तो मोठा होऊन, फ्रेमसकट भिंतीवर लागलासुद्धा. घरी एकदा विचारावं हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

अप्पा म्हणजे यशवंत घाग. मूळचे संगमेश्वराकडचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीत त्यांनी उभा जन्म काढला. कोकणातला माणूस, तेव्हा नाटकाचं वेड आलंच. कंपनीच्या नाटकांत दरवर्षी असायचे, पण कोण, तर कधी हवालदार, कधी शेजारी, कधी नुसतेच गर्दीतले. आयुष्यभर वाट बघून बघून मोठी भूमिका मिळाली ती ही. संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर स्वतःचं तोंड दिसल्याबरोबर ते ताडकन उठून उभे राहिले. हार दिसला त्यांना, नाही असं नाही. पण कॅमेरा आपल्यावर किती वेळ थांबला, याचंच त्यांना कोण कौतुक. दोन दिवसांनी बाजारात भाजीवाल्याने डोळे मोठे करून विचारलं की काका, तुम्ही तर वारलात ना? यांनी छाती फुगवून सांगितलं की हो, वारलो, पण मेथी ताजी असेल तर दे.

आईचं नाव सगुणा. त्या पहिल्या संध्याकाळी ती पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. फोटो दिसला तसा तिचा हात थांबला. तिने ताट उचललं आणि ती आत गेली. रडली नाही, ओरडली नाही, काही नाही. पण त्या दिवसापासून साडेसात वाजले की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. मुलीच्या सिरियलचा एक भाग कधी न चुकवलेली बाई आता जाहिराती लागल्या की बाहेर यायची आणि सिरियल सुरू झाली की आत. रसिकाने दोनदा खोदून विचारलं. काही नाही गं, तुझं काम आहे ते, एवढ्यावर आई विषय संपवायची.

आता यातली खरी गोम सांगायला हवी. फोटो नुसता भिंतीवर लटकत राहिला असता तर लोकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. रसिकानेच त्याला जागा मिळवून दिली. पटकथा लिहिणाऱ्यांची एक जुनीच अडचण असते. पात्राच्या पोटात पुष्कळ काही साठलंय आणि खोलीत दुसरं कुणी नाही, मग बोलायचं कुणाशी? कादंबरीवाला सरळ लिहून टाकतो, नाटकवाला स्वगत म्हणवतो. पडद्यावर एकटा माणूस मोठ्याने बोलायला लागला तर लोक म्हणतील याला डॉक्टरला दाखवा. रसिकाने त्याला फोटोपुढे उभं केलं. नोकरी गेली, सांग फोटोला. लग्न करू का, विचार फोटोला. आईशी वाजलं, ये फोटोपुढे आणि उभा राहा गप्प. हे सीन तिला सुचायचेही झकास, कारण घरी ती अप्पांशी तशीच बोलायची आणि अप्पा मध्ये न बोलता ऐकून घ्यायचे. बघणारी माणसं रडली, चॅनेलवाले खूश झाले, आणि आठवड्यातून दोन तरी फोटोचे सीन हवेतच असा हुकूम सुटला. पोरीने बापावर जीव ओतून लिहिलं आणि बापाच्या गळ्यातला हार दिवसेंदिवस पक्का होत गेला.

असं सगळं छान चाललेलं असताना गणपतीत लिफ्ट बंद पडली आणि जिना चढताना अप्पांच्या छातीत कळ आली. ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या, बायपास करावी लागेल असं ठरलं. पितृपक्ष तोंडावर आला होता. पंधरवडा जाऊ दे, मगच काय ते, असं आईने धरलं. डॉक्टरांनाही त्यानंतरचीच तारीख सोयीची होती, म्हणून त्यावरून घरात वाजलं नाही. अप्पा तर एकदम शूर. हल्लीची बायपास म्हणजे स्कूटर सर्व्हिसिंगला टाकल्यासारखं, सकाळी द्यायची आणि धुऊनपुसून परत घ्यायची, असं बिल्डिंगभर सांगत फिरायचे. भेटायला आलेला माणूस धीर द्यायला म्हणून यायचा आणि यांच्याकडूनच धीर घेऊन जायचा.

आणि नेमका तेव्हाच चॅनेलचा निरोप आला. सिरियलवाल्यांना मंगळागौर लागते, गणपती लागतात, तसा पितृपक्षही लागतो. नायक वडिलांचं श्राद्ध घालणार. फोटोपुढे पान वाढणार. गच्चीवर कावळा शिवणार नाही, मग तो आईची माफी मागणार आणि कावळा शिवणार. घरोघरी रुमाल निघाले पाहिजेत, असंही वर सांगून झालं.

रसिका लॅपटॉप उघडून बसली आणि तिला एक अक्षर लिहवेना. पलीकडच्या खोलीत अप्पा तपासणीचे कागद नीट लावून ठेवत होते आणि हिने इथे त्यांच्या नावाने खीर आणि वडे वाढायचे. बाप जिवंत असताना त्याच्यासाठी कावळ्याला हाका मारायच्या. हात कसा उचलणार? ती तशीच बसून होती, आणि आई मागे येऊन उभी राहिल्याचं तिला कळलंच नाही. लॅपटॉपवर उघडा असलेला चॅनेलचा निरोप आईने वाचला. मग इतके महिने गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"रसिका, मला अडाणी म्हण, काय वाट्टेल ते म्हण. रोज संध्याकाळी तिकडे माझ्या नवऱ्याला हार घातलेला असतो आणि रोज मी आत जाऊन पुन्हा कुंकू लावते. त्यांना सांगितलं तर हसतात. आता एवढं मोठं ऑपरेशन आहे. त्याआधी तो हार काढ. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे."

रसिकाचे डोळे भरून आले. जिच्यावर आपण खिदळलो, ती त्या नटाची बायको तिला आठवली. आपण मूर्ख आहोत हे माणसाला कळतं, फक्त वेळेवर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सेटवर जाऊन तिने संदेशला गाठलं. संदेश काही दुष्ट माणूस नव्हता, पण हार त्याच्याही हातात राहिला नव्हता. मेलेल्या माणसाचा हार उतरवायचा तर गोष्टीत तसं कारण हवं. रसिका म्हणाली, घराला रंग काढू, फोटो खाली उतरवू. तो म्हणाला, रंग वाळला की परत लावायचाच ना? ती म्हणाली, फोटो बदलू. तो म्हणाला, महिनोन्महिने पोरगा याच चेहऱ्याशी बोललाय, आता दुसरा बाप लावला तर लोक आपल्याला शिव्या घालतील. मग त्यांना जिवंतच कर, वाचले होते म्हण, असंही ती बोलून गेली. त्यावर त्याने श्राद्धाचा सीन वरून मंजूर होऊन आल्याची आठवण करून दिली, आणि दोघंही डोक्याला हात लावून बसले.

मेकअपरूमचं दार उघडंच होतं. नायकाच्या आईचं काम करणाऱ्या सुमेधाताई आत बसल्या होत्या. नाटक-सिनेमात मुरलेली बाई. मोकळ्या कपाळाने रोज त्याच फोटोपुढे दिवा लावायच्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि आरशातूनच विचारलं, "त्यांना हसवलं होतंत ना?"

रसिकाला काही कळेना. तेव्हा सुमेधाताईंनी खुर्ची वळवली आणि नीट समजावून सांगितलं. सिनेमाच्या धंद्यातली ही जुनी रीत. कुणी पडद्यावर मेलं, तिरडीवर झोपलं, फोटोला हार चढला, की त्या नटाला तसंच घरी पाठवायचं नाही. कॅमेरा चालू ठेवायचा. त्याने उठायचं, कॅमेऱ्यात बघून खळखळून हसायचं, मग त्याच्या हातावर पेढा ठेवायचा आणि मगच दिवे बंद करायचे. तो शॉट कुठे दाखवत नाहीत. घेतलेलं मरण पुसून टाकायला तो असतो. मी किती वेळा मेलेय, सुमेधाताई म्हणाल्या, पण न हसता कधी घरी गेले नाही. अप्पा पडले बाहेरचे, फोटो आला मोबाइलवरून, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांचं मरण तेवढं घेतलं गेलं आणि हसू घ्यायचं राहिलं.

संदेशने जीभ चावली. पंधरवडा लागायच्या आत त्यांना घेऊन ये, असं त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

घरी हे कळल्यावर अप्पांचा आनंद काय वर्णावा! खऱ्या कॅमेऱ्यापुढे, खऱ्या दिव्यांत उभं राहायचं. निरोपसमारंभाचा कोट इस्त्री झाला. आरशापुढे तालमी सुरू झाल्या. मंद हसू, जमीनदाराचं हसू, पश्चात्ताप झालेल्या माणसाचं हसू, सगळी करून बघितली. आई हसली नाही. मीही येते, एवढंच म्हणाली. घोडबंदर रोडला गाड्या नेहमीसारख्या तुंबून उभ्या होत्या, तर अप्पांनी टॅक्सीवाल्यालाही यातलं कुठलं हसू बरं म्हणून विचारलं. त्याला जमीनदाराचं आवडलं.

बंगल्याच्या पायरीवर सुमेधाताई स्वतः सामोऱ्या आल्या. पुढचा सीन विधवेचा होता, पण त्यांनी कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं होतं. तशा कपाळाने यांच्या बायकोपुढे जाणार नाही, पुसायचं तर नंतर पुसा, असं त्यांनी मेकअपवाल्याला बजावलं होतं. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. तुमच्या माणसाला मी रोज दिवा लावते, राग मानू नका, म्हणाल्या. आईने त्यांच्या कुंकवाकडे बघितलं आणि हात सोडवून घेतले नाहीत.

जेवणाची सुट्टी होती तरी माणसं थांबली होती. अप्पांना फोटोखाली उभं केलं. संदेशने समजावलं की संवाद नाही, हालचाल नाही, मी अॅक्शन म्हटलं की इकडे बघून हसायचं, संपलं. अप्पांनी कोट सारखा केला. दिवे लागले. संदेश अॅक्शन म्हणाला.

अप्पा उभे राहिले. ओठ थोडे हलले आणि परत मिटले. संदेश म्हणाला, सावकाश, घाई नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला हा हा असा आवाज निघाला, पण ते हसू नव्हतं, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळलं. रसिका संवाद लिहिणारी ना, पण तिला बापाच्या तोंडी द्यायला एक शब्द सुचेना. अप्पांनी कॅमेऱ्यावरून नजर काढली आणि मागे उभ्या असलेल्या आईकडे बघितलं.

"सगुणा, मला नाही येत गं हसायला," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

म्हणजे ते स्कूटरचं सर्व्हिसिंग, ते बिल्डिंगभर धीर वाटत फिरणं, सगळी अॅक्टिंगच होती तर. जन्मभर हवालदार आणि शेजारी केलेल्या माणसाने घरात एवढं चोख काम केलं, की रोज त्यांच्या ताटात वाढणाऱ्या बायकोला आणि माणसं कशी बोलतात हे लिहून पोट भरणाऱ्या मुलीला त्याचा पत्ताही लागला नाही. त्यांच्याजवळ धावत जावं असं रसिकाला वाटलं, पण पाय उचलायच्या आत आई पुढे झालेली होती.

आई सरळ दिव्यांत शिरली. कुणीतरी कॅमेरा थांबवायला गेलं, त्याला संदेशने हातानेच अडवलं. आई अप्पांच्या शेजारी, त्या हाराच्या फोटोखाली जाऊन उभी राहिली. आधी तिने त्यांची कॉलर नीट केली. मग त्यांची बोटं स्वतःच्या मुठीत धरली आणि विचारलं, "तुमचा तारवाला आठवतो का?"

अप्पांनी एकदम मान खाली घातली. रसिकाने हे कधी ऐकलं नव्हतं. आईने मग ते सगळ्यांना सांगितलं, घरच्या ओट्यापाशी सांगावं तसं. नवीन लग्न झालेलं. कंपनीचं नाटक कामगारांच्या स्पर्धेत होतं आणि यांना तारवाल्याचं काम मिळालं. काम केवढं, तर यायचं, तार आहे म्हणायचं, तार द्यायची आणि जायचं. त्या तारेत नायकाचा बाप वारल्याची बातमी, आणि पुढचा अख्खा अंक त्या तारेवर उभा. हे आले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं 'तार आहे' म्हणाले. कंपनीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. यांनी टाळ्यांना सलाम ठोकला आणि तार हातात तशीच घेऊन आत निघून गेले. नायक बिचारा हात पुढे करून उभा. तार नाही, तर बापाने मरायचं कसं? आत सगळे यांच्या नावाने शंख करतायत, आणि हे घाबरून मागच्या दाराने पसार. नाटक संपल्यावर आई घरी येऊन बघते तर हे खाकी कपड्यांत, तार खिशात, कॉटवर बसलेले.

"अहो, मरणाची तार देऊन पाठवलेलं तुम्हाला, ती तुम्ही खिशात घालून घरी घेऊन आलात," आई म्हणाली. "दुसऱ्याचं मरण चार पावलं पोचवता आलं नाही तुम्हाला. स्वतःचं काय पोचवताय?"

अगं, इथे काय सांगत बसलीस, असं अप्पा पुटपुटले. पण तोवर पोटात काहीतरी हललं होतं. आधी खांदे हलले, मग कोट हलला, मग हसू जे फुटलं ते आवरेना. जमीनदाराचं नाही, पश्चात्तापाचं नाही, त्यांचं स्वतःचं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईने तोंडाला पदर लावला तरी तीही हसत सुटली. दिवे धरणारे हसले, सुमेधाताई हसता हसता रडल्या, आणि कट म्हणायचं संदेश विसरूनच गेला. मग सुमेधाताईंनी अप्पांच्या हातावर पेढा ठेवला. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, म्हणून आईने त्यातला अर्धा काढून स्वतः खाल्ला.

हार होता तिथेच राहिला. घरी परतताना रसिकाने भीत भीत त्याचा विषय काढला. असू दे आता, आई म्हणाली, आणि अप्पांच्या खांद्याला टेकून तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी बसून रसिकाने श्राद्धाचा सीन लिहिला. फार चांगला झाला, पण लिहिताना तिला मधून मधून उठून अप्पांना बघून यावं लागत होतं.

अप्पांचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे आधीच सांगून टाकतो. उगाच जीव टांगणीला लावायची खोड सिरियलवाल्यांची, आपली नाही. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक होतं? अप्पांना आत नेलेलं होतं आणि या दोघी बाहेरच्या हॉलमध्ये बसून होत्या. भिंतीवरच्या टीव्हीवर आदल्या संध्याकाळचा भाग पुन्हा दाखवत होते. तोच तो, श्राद्धाचा. पान वाढलेलं, उदबत्ती लावलेली, आणि पडदाभर हार घातलेले अप्पा. रसिका रिमोट शोधायला घाईघाईने उठली. आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः डोळे न हलवता बघत राहिली.

शेजारी कळव्याची एक बाई होती, तिच्या नवऱ्याचंही ऑपरेशन होतं. तिने पदराने डोळे टिपले. काय देवमाणूस असेल हो, असं ती फोटोकडे बघून म्हणाली.

"माझे मिस्टर आहेत ते," आई म्हणाली. "आत ऑपरेशन चाललंय त्यांचं."

त्या बाईने फोटोतल्या हाराकडे बघितलं, आईच्या कुंकवाकडे बघितलं, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. आईने तिच्या हातावर हात ठेवला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "त्यांचं हसून झालंय."